दृष्टियुद्धाचे नवे आकाश

सांगलीच्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आपल्या समाजातील कितीतरी घरांतील मुलामुलींनी शिक्षण घेतले, ते १९४७ साली धोंडुमामा साठे यांनी 'न्यू इंजिनिअरिंग कॉलेज' या नावाने सुरू केले होते. १९५५ मध्ये त्यास शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेल्या या उद्योगपतीने जहाज, विमान आणि मोटार या तिन्हींचे कारखाने परकीय राजवटीत उभारण्याचे धाडस केले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांपैकी विमानाच्या कारखान्याचे पुढे काय झाले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आज लढाऊ विमानाचे स्वरूप मुळापासून पालटत असताना ती हकीकत पुन्हा वाचण्याजोगी झाली आहे.

१९३९ मधील एका प्रवासात वालचंदशेठांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी योगायोगाने गाठ पडली. ओळखीतून योजना निघाली, म्हैसूर संस्थानाने भांडवल व जमीन दिली, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरूत 'हिंदुस्तान एअरक्राफ्ट' या कंपनीची स्थापना झाली. ऑगस्ट १९४१ मध्ये तेथे जुळवलेले हार्लो जातीचे पहिले प्रशिक्षण विमान आकाशात गेले. परंतु महायुद्धाची झळ भारताच्या पूर्व सीमेपर्यंत पोहोचताच सरकारने १९४२ मध्ये वालचंदशेठांचे भाग विकत घेऊन कारखाना आपल्या ताब्यात घेतला. स्थापनेला दीड वर्षही पुरे झाले नव्हते. पुढे हा कारखाना अमेरिकन विमानदलाच्या दुरुस्तीकामास जुंपला गेला. स्वातंत्र्यानंतर त्यातूनच आजचे हिंदुस्तान एरोनॉटिक्स उभे राहिले.

व्यापारी माणसाला या हकीकतीतील मर्म समजावून सांगावे लागत नाही. विमानाचा आराखडा अमेरिकेचा, इंजिन अमेरिकेचे, ग्राहक एकच आणि तोही सरकार. दुकान आपले असले तरी माल, भाव आणि गिऱ्हाईक यांपैकी काहीच आपल्या हाती नसेल, तर त्या दुकानाची किल्ली दुसऱ्याकडेच असते. गेल्या ८५ वर्षांत विमाने बदलली, वेग वाढला, शस्त्रे बदलली. किल्लीचा प्रश्न मात्र आजही सुटलेला नाही. उलट तंत्रज्ञानाच्या नव्या वळणावर तो अधिक खोल झाला आहे.

देह आपला, प्राण परका

वालचंदशेठांच्या कारखान्यात १९४० च्या दशकात एक मराठी अभियंता दाखल झाला. डॉ. विष्णु माधव घाटगे हे त्यांचे नाव. जर्मनीतील गटिंगेन येथे वायुगतिशास्त्राचे आचार्य लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली भारतात आखलेले व घडवलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडाले. आराखडा आपला असू शकतो, हे त्या विमानाने सिद्ध केले.

पुढची पायरी अवघड होती. जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूत आखलेले 'मरुत' हे लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी उडाले. त्याची बांधणी उत्तम होती. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाण्याच्या अपेक्षेने त्याची आखणी झाली होती. परंतु त्या वेगाला लागणारे शक्तिशाली इंजिन काही मिळाले नाही. ब्रिटिश कंपनीचे जे इंजिन उपलब्ध झाले, ते अशा विमानाला अपुरे होते. मरुतने १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर चांगली कामगिरी बजावली. तरीही सुमारे दीडशे विमानांनंतर ती मालिका थांबली आणि १९९० मध्ये ती सेवेतून निवृत्त झाली. देह आपला आणि प्राण परका अशी त्या विमानाची अवस्था राहिली.

त्याच काळात संरक्षणखात्याची धुरा आपल्याच भागातील नेत्याकडे आली. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातील आणि आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झाले. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत असताना हवाई दल वापरण्याचा निर्णय त्यांनी काही मिनिटांत घेतला आणि त्याच सायंकाळी पठाणकोटहून विमाने झेपावली. त्यांच्याच कारकिर्दीत, १ ऑक्टोबर १९६४ रोजी, देशातील विमानकारखाने एकत्र करून हिंदुस्तान एरोनॉटिक्सची रचना झाली आणि नाशिकजवळ ओझर येथे मिग-२१ विमानांचा कारखाना उभा राहिला.

मिग-२१ ने १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ पर्यंत, म्हणजे ६२ वर्षे, देशाची सेवा केली. चंदीगड येथे त्याला निरोप देण्यात आला, तेव्हा हवाई दलाच्या लढाऊ तुकड्यांची संख्या २९ वर आली होती. मंजूर संख्या ४२ आहे. सहा दशके आपण परवान्यावर विमाने जुळवली, हजारो हातांना त्यातून कौशल्य मिळाले. पण नवे विमान मूळापासून आखण्याची सवय मधल्या काळात क्षीण झाली. त्या सवयीची किंमत आता लक्षात येते आहे, कारण आता आकाशातील युद्धाचे नियमच बदलले आहेत.

आधी पाहील तो जिंकेल

भरत आणि बाहुबली यांची कथा आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. दोन्ही सैन्यांचा व्यर्थ संहार होऊ नये म्हणून मंत्र्यांनी दोघा बंधूंमध्येच तीन युद्धे ठरवली. दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. आकाशातील लढाईचा इतिहास या क्रमाच्या उलट दिशेने सरकला, असे म्हणता येईल. तिची सुरुवात मल्लयुद्धाने झाली आणि आज ती दृष्टियुद्धावर येऊन ठेपली आहे.

पहिल्या महायुद्धात वैमानिक एकमेकांचा चेहरा दिसेल इतक्या जवळून बंदुका झाडत. विमान चपळ असले आणि हात स्थिर असला की विजय मिळे. दुसऱ्या महायुद्धात वेग वाढला, पण लढाई डोळ्यांच्या टप्प्यातच होती. १९५०-६० च्या दशकांत उष्णतेचा आणि रडारचा माग काढणारी क्षेपणास्त्रे आली, तेव्हा अनेकांना वाटले की जवळची झुंज संपली. अमेरिकेने तर आपल्या फँटम विमानांच्या आरंभीच्या आवृत्त्यांत तोफच बसवली नाही. व्हिएतनामच्या आकाशात ती क्षेपणास्त्रे वारंवार फसली आणि पुढच्या आवृत्तीत तोफ परत बसवावी लागली. नव्या यंत्रावर अकाली विसंबण्याचे ते मोल होते.

तरीही दिशा ठरलेली होती. जून १९८२ मध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यात इस्रायलने प्रथम चालकरहित लहान विमाने सोडली. ती खरी विमाने समजून सीरियाने आपली रडारे चालू केली, आणि रडारे चालू होताच त्यांची जागा उघड झाली. आकाशात दूरवर उभ्या असलेल्या टेहळणी विमानातून इस्रायली वैमानिकांना संपूर्ण चित्र दिसत होते. सीरियन वैमानिकांचा जमिनीशी संपर्कही तोडण्यात आला होता. काही दिवसांत सीरियाची ८० च्या आसपास विमाने पडली. एका बाजूला डोळे होते आणि दुसरी बाजू आंधळी झाली होती, एवढ्यावरच तो निकाल लागला.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात हे अंतर आणखी वाढलेले जगाने पाहिले. दोन्हीकडची लढाऊ विमाने सीमा न ओलांडता परस्परांवर दूरच्या पल्ल्याची क्षेपणास्त्रे सोडत होती, आणि रात्रीच्या आकाशात ड्रोनचे थवे होते. त्याच वर्षी ९ ऑगस्टला बंगळुरूत एअर चीफ मार्शल कात्रे स्मृतिव्याख्यानात हवाई दलप्रमुख अमरप्रीत सिंग यांनी सांगितले की, जमिनीवरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने सुमारे ३०० किलोमीटरवरील एक मोठे विमान पाडले गेले. पाकिस्तानने हा दावा नाकारला. वाद बाजूला ठेवला तरी अंतराची कल्पना यावी म्हणून सांगायचे, तर सांगलीहून नेम धरून आकाशमार्गे मुंबईच्या परिसरापर्यंत पोहोचण्यासारखे हे आहे. इतक्या दूरवर डोळ्यांचा काय उपयोग? तिथे रडार, उपग्रह, टेहळणी विमान आणि या सर्वांना जोडणारे संदेशजाल हेच डोळे होतात.

विमानाची बदललेली घडण

दृष्टी हेच मुख्य शस्त्र ठरल्यावर विमानाची आखणी दोन प्रश्नांभोवती फिरू लागली. आपण दुसऱ्याला किती लांबून पाहू शकतो? आणि दुसऱ्याला आपण किती उशिरा दिसतो?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ज्याला आपण 'अदृश्य विमान' म्हणतो ते तंत्र. असे विमान खरोखर अदृश्य नसते. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर आरसा सरळ धरला तर झोत डोळ्यांवर येतो. तोच आरसा तिरपा धरला तर उजेड दुसरीकडे जातो. रडारच्या लहरींचेही तसेच आहे. पृष्ठभागांचे कोन असे आखायचे की लहरी परत रडारकडे न जाता बाजूला विखुराव्यात. उरलेल्या शोषून घेणारा लेप द्यायचा. क्षेपणास्त्रे पंखांखाली लोंबकळत न ठेवता पोटातील कप्प्यात ठेवायची. इंजिनाची उष्णताही झाकायची. त्यामुळे आता आकार ठरवताना हवेइतकाच रडारचाही विचार करावा लागतो. २६ डिसेंबर २०२४ रोजी चीनमध्ये दोन नव्या विमानांची उड्डाणे दिसली, त्यांना मागे उभे शेपूटच नव्हते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने एफ-४७ या पुढील पिढीच्या विमानाची घोषणा केली. ब्रिटन, जपान आणि इटली मिळून २०३५ चे लक्ष्य ठेवून आपले विमान घडवीत आहेत.

पण शेपूट नसलेले विमान स्थिर कसे राहणार? येथे संगणक पुढे येतो. तळहातावर उभी काठी तोलून धरताना आपण हात सतत थोडा इकडे, थोडा तिकडे हलवतो. आधुनिक लढाऊ विमान मुद्दाम तसे अस्थिर आखतात, म्हणजे ते पटकन वळते. आणि त्याला तोलून धरण्याचे काम संगणक सेकंदाला अनेक वेळा करतो. वैमानिक दांडा ओढतो तेव्हा तो यंत्राला इच्छा सांगतो. पंखाचा कोणता भाग किती हलवायचा हे संगणक ठरवतो. आपल्या 'तेजस' विमानात अशा नियंत्रणाच्या चार समांतर वाहिन्या आहेत, म्हणजे एखादी बिघडली तरी इतरांच्या साहाय्याने विमान तोलले जाते. त्याच्या सांगाड्याच्या वजनात सुमारे ४५ टक्के भाग कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थांचा आहे. वालचंदशेठांच्या कारखान्यातील रिव्हेट ठोकणारा कारागीर आज परतला, तर या विमानाचा बहुतांश पृष्ठभाग धातूचा नाही हे पाहून चकित होईल.

४ जानेवारी २००१ रोजी तेजस प्रथम उडाले. त्याआधीचा एक प्रसंग फार बोलका आहे. उड्डाणनियंत्रणाच्या संगणकप्रणालीचे काम काही प्रमाणात अमेरिकेत तेथील कंपनीच्या सहकार्याने चालू होते. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले, सहकार्य तुटले आणि आपल्या अभियंत्यांना परतावे लागले. बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी ते काम येथे पूर्ण केले. विलंब झाला, पण ती प्रणाली आज आपली आहे. तिच्यात काय बदल करायचा, कोणते नवे क्षेपणास्त्र जोडायचे, यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही. 'अस्त्र' हे सुमारे १०० किलोमीटर पल्ल्याचे स्वदेशी क्षेपणास्त्र तेजसवर जोडता आले, त्यामागे हेच स्वातंत्र्य आहे.

इंजिनाच्या बाबतीत मात्र मरुतची कथा अंशतः पुन्हा घडली. तेजसचे इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचे आहे. २०२१ मध्ये हवाई दलाने ८३ सुधारित तेजस विमानांची मागणी नोंदवली आणि त्यांच्यासाठी ९९ इंजिने मागवण्यात आली. त्यांतील पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये पोहोचले. सांगाडे तयार, इंजिनाची प्रतीक्षा, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचा करार झाला, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझर येथील नव्या उत्पादनमार्गिकेवर तयार झालेले पहिले सुधारित तेजस आकाशात गेले. नाशिकच्या ज्या भूमीवर परवान्याची विमाने जुळली, तेथे आता देशात आखलेले विमान घडू लागले, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि त्याचे इंजिन सागरापलीकडून यावे लागते, हे विसरता येत नाही. पुढील 'अ‍ॅम्का' या दुहेरी इंजिनाच्या विमानासाठी मार्च २०२४ मध्ये सुमारे १५,००० कोटी रुपये मंजूर झाले. त्यासाठी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीसह भारतात नवे इंजिन विकसित करण्याचा मनोदय सरकारने जाहीर केला आहे. ते इंजिन खरोखर येथे आखले गेले, तरच ८५ वर्षांपूर्वी सुटलेली किल्ली हाती येईल.

वैमानिकाशिवाय विमान

यापुढचे वळण अधिक गंभीर आहे. आधुनिक विमान बारा-बारा यंत्रांकडून माहिती गोळा करते. ती सर्व एका चित्रात मांडणे वैमानिकाला शक्य नसते. ते संगणक करतो. अमेरिकेच्या एफ-३५ विमानातील संगणकप्रणालीच्या ओळींची संख्या ८० लाखांहून अधिक सांगितली जाते. माहिती संगणकच मांडणार, नियंत्रणही संगणकच करणार, तर मग विमानात माणूस हवाच कशाला, असा प्रश्न साहजिकच पुढे आला.

ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत संगणकाच्या पडद्यावरील झुंजीत कृत्रिम बुद्धिमत्तेने एका अनुभवी एफ-१६ वैमानिकाला पाच विरुद्ध शून्य असे हरवले. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या आकाशात एक्स-६२ए हे खरेखुरे विमान, सुरक्षेसाठी माणूस आत बसलेला असताना, कृत्रिम बुद्धिमत्तेने दुसऱ्या विमानाविरुद्ध सरावझुंजीत चालवले. मे २०२४ मध्ये अमेरिकेचे हवाई दलमंत्री स्वतः त्यात बसून आले. आता जगभर 'सोबती विमान' ही कल्पना रुजते आहे. माणूस बसलेले एक विमान मागे राहील आणि त्याच्या आज्ञेत दोन-चार चालकरहित विमाने पुढे जातील. धोका ती पत्करतील. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या 'कॅट्स वॉरियर' या अशाच विमानाच्या इंजिनाची जमिनीवरील चाचणी जानेवारी २०२५ मध्ये झाली.

यामागे पैशाचा हिशेबही आहे, आणि तो आपल्या वाचकांना चटकन उमगेल. लढाऊ विमान कित्येक शे कोटींचे, वैमानिक तयार करण्यास वर्षे लागतात. याउलट स्वस्त ड्रोन हजारोंनी बनवता येतात आणि ते पाडण्यास वापरलेले क्षेपणास्त्र पुष्कळदा ड्रोनपेक्षा महाग पडते. १ जून २०२५ रोजी युक्रेनने मालमोटारींत लपवून नेलेले लहान ड्रोन सोडून रशियाच्या खोल भागातील विमानतळांवर उभ्या असलेल्या बॉम्बफेकी विमानांचे मोठे नुकसान केले. महाग वस्तूचे रक्षण स्वस्त वस्तूपासून करावे लागणे हा तोट्याचा धंदा होय. म्हणून उद्याच्या हवाई दलात थोडी महाग विमाने आणि पुष्कळ स्वस्त सोबती अशी मांडणी दिसेल.

संकल्प कोणाचा?

येथे आपल्या परंपरेतील एक जुना विचार उपयोगी पडतो. श्रावकाचाराने हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाला चूल पेटवावी लागते, व्यवसाय करावा लागतो, आणि आक्रमण झाल्यास कुटुंबाचे व राज्याचे रक्षण करावे लागते. म्हणून शेवटचे तीन प्रकार त्याला पूर्णतः टाळता येत नाहीत. संकल्पी हिंसा, म्हणजे मारण्याच्या हेतूने केलेली हिंसा, मात्र सर्वथा वर्ज्य आहे. जैन राजे आणि सेनापती होऊन गेले. श्रवणबेळगोळ येथे गोमटेशाची मूर्ती घडवणारा चामुंडराय हा स्वतः गंगांचा सेनापती होता. रक्षणाचे कर्तव्य आणि मारण्याचा संकल्प यांतील सीमारेषा जपत त्यांनी आयुष्य काढले.

ती सीमारेषा माणसाच्या मनात असते. विमान स्वतःच लक्ष्य निवडून स्वतःच प्रहार करू लागले, तर ती कोठे असणार? यंत्राला भय नाही, राग नाही, हे खरे. पण त्याला विवेकही नाही. भरताने क्रोधाने चक्ररत्न सोडले तेव्हा ते बाहुबलींना प्रदक्षिणा घालून थांबले, अशी कथा आहे. स्वतःहून न मारण्याचे ठरवणारे ते अस्त्र होते. आजच्या कोणत्याही संगणकप्रणालीला अशी मर्यादा आपोआप कळत नाही. ती आखणाऱ्याने तिच्यात घालावी लागते आणि प्रहाराचा अखेरचा निर्णय उत्तरदायी माणसाकडे ठेवावा लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या प्रश्नावर ठराव केला, तेव्हा दीडशेहून अधिक देशांनी अनुकूल मत दिले. भारताने विरोधात मत दिले. हा विषय जिनिव्हातील शस्त्रनियंत्रण परिषदेतच हाताळावा, अशी भारताची भूमिका आहे. व्यासपीठ कोणतेही असो, अखेरची जबाबदारी माणसाची राहावी हे तत्त्व अहिंसेच्या परंपरेतून आलेल्या समाजाने ठामपणे मांडण्यास हरकत नसावी.

आपल्या घरापुरता विचार

हा प्रश्न आपल्या घरांपासून दूर नाही. तेजसचे पंख आणि धडाचे काही भाग आता देशातील खासगी कंपन्या बनवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये वडोदरा येथे खासगी क्षेत्रातील वाहतूक-विमानांचा कारखाना सुरू झाला. अ‍ॅम्काच्या बांधणीसाठी खासगी कंपन्यांनाही बरोबरीने स्पर्धा करता येईल, असे सरकारने मे २०२५ मध्ये ठरवले. या मोठ्या कारखान्यांच्या मागे शेकडो लहान पुरवठादार लागतात. किर्लोस्करवाडीपासून साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत यंत्रकामाची परंपरा आपल्या भागात शंभर वर्षांची आहे. उद्या एखाद्या तरुण उद्योजकापुढे विमानाच्या सुट्या भागांचे काम येईल, तेव्हा घरात दोन प्रश्न उभे राहतील.

पहिला व्यवहाराचा. विमानाच्या भागात शतांश मिलिमीटरची चूकही खपत नाही, प्रमाणपत्रे मिळण्यास वर्षे जातात आणि पैसा उशिरा वसूल होतो. हंगामी नफ्याची घाई असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. ज्याच्याजवळ धीर आहे, त्याने सुटा भाग बनवण्यावर समाधान मानू नये. त्यातील एखाद्या छोट्या गोष्टीची आखणी, मोजणी किंवा संगणकप्रणाली आपली म्हणता येईल इतके ज्ञान मिळवावे. परक्या आराखड्याची मजुरी आणि आपल्या आराखड्याची मालकी यांतील फरक वालचंदशेठांच्या कारखान्याने पुरेसा दाखवला आहे.

दुसरा प्रश्न धर्माचा. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात 'हिंसादान' म्हणजे हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे हा अनर्थदंडाचा एक प्रकार म्हणून सांगितला आहे. त्याच्या यादीत तलवार आणि इतर आयुधेही आहेत. अनर्थदंड म्हणजे निष्प्रयोजन पाप. देशाच्या रक्षणासाठी केलेले काम त्यात मोडते की नाही, यावर जाणत्यांत मतभेद होऊ शकतात. काही घरे म्हणतील की बॉम्बचे काम नको, पण रडारचे, उड्डाणनियंत्रणाचे, वैमानिकाचा जीव वाचवणाऱ्या आसनाचे काम चालेल. काही म्हणतील की ही विभागणी मनाची समजूत आहे. या दोन्ही भूमिकांना मान देऊन घरातील वडीलधाऱ्यांशी आणि गुरुजनांशी हा विषय बोलला गेला पाहिजे. उत्तर कोणतेही निघो, ते न बोलता केवळ नफ्यापोटी ठरू नये.

उद्याच्या आकाशात जो आधी पाहील तो जिंकेल, हे आता निश्चित झाले आहे. ते पाहणारे डोळे आपल्या देशात आखलेले असावेत, आणि पाहिल्यानंतर प्रहार करावा की नाही हे ठरवणारे मन माणसाचे असावे. यांतील पहिली गोष्ट आपल्या मुलांनी अभियांत्रिकीच्या वर्गांत शिकावी. दुसरी त्यांना घरातूनच शिकवावी लागेल, आणि ते काम कोणत्याही महाविद्यालयावर सोपवता येणार नाही.